भारतातल्या रेल्वे अपघातांचा इतिहास कसा वाचायचा, आणि त्यात आपली लोकल कुठे शोधायची

मोठा रेल्वे अपघात झाला की दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर यादी फिरायला लागते, देशातले सर्वात भीषण दहा अपघात, वरती बिहार १९८१, मग फिरोजाबाद, बहानगा, गैसल, मृतांच्या आकड्याप्रमाणे उतरत्या क्रमाने लावलेली. माझं स्पष्ट मत आहे की अशी लावलेली यादी वाचून हाती काहीच लागत नाही. आपण हळहळतो, फॉरवर्ड करतो आणि सकाळी परत डोंबिवलीला फास्ट पकडायला धावतो. आपल्या देशात रेल्वेत माणसं का मरतात हे ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याने हा इतिहास वेगळ्या पद्धतीने वाचायला हवा, आणि मुंबईकराने तर नक्कीच, का ते पुढे येईलच. मी कसा वाचते ते सांगते.

साहित्य फार लागत नाही, एक वही नाहीतर मोबाइलवरची शीट पुरते. रकाने असे करा: तारीख आणि जागा, कुठल्या गाड्या, मृत किती, पहिल्या दिवशी सांगितलेलं कारण, चौकशीत निघालेलं कारण, आणि शेवटचा रकाना म्हणजे "असं आधी कुठे झालं होतं?". बाकीचे रकाने अर्धवट राहिले तरी चालतील पण शेवटचा रिकामा सोडायचा नाही, तो भरताना जी शोधाशोध करावी लागते तोच खरा अभ्यास.

उदाहरण म्हणून १९५६ घ्या. लालबहादूर शास्त्रींनी रेल्वे अपघातानंतर मंत्रिपदाचा राजीनामा दिला हे आपण शाळेपासून ऐकतो, भाषणात तर हटकून येतं. पण तो अपघात कुठला, कशाने झाला, विचारून बघा कोणाला. सप्टेंबर १९५६ मध्ये महबूबनगरजवळ पूल कोसळून ११२ माणसं गेली, शास्त्रींनी तेव्हाच राजीनामा पुढे केला होता, नेहरूंनी तो घेतला नाही. मग तीन महिने व्हायच्या आत, २३ नोव्हेंबरला, तामिळनाडूत अरियलूरजवळ पुराच्या पाण्याने पूल गेला आणि तुतिकोरिन एक्सप्रेस नदीत पडली, त्यात १४० च्या वर माणसं मेली. दोन्ही वेळा पूल. राजीनाम्याची गोष्ट उरली आणि पुलांची विसरली गेली. शेवटच्या रकान्यात अरियलूरसमोर "महबूबनगर, तीन महिने आधी" असं लिहिलं की चित्रच बदलतं.

मृतांच्या रकान्यात कधीही एकच आकडा लिहू नका, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असे दोन लिहा. ६ जून १९८१ ला बिहारमध्ये मानसी ते सहरसा मार्गावर बदला घाट आणि धमारा घाटच्या मध्ये बागमतीवरच्या पुलावरून पॅसेंजर गाडीचे सात डबे नदीत पडले. सरकारी आकडा अडीचशेच्या आसपास आणि बाहेरचे अंदाज ५०० ते ८००, एवढा फरक! कारणाबद्दलही एकमत नाही, कोणी वादळ म्हणतं, कोणी म्हणतं की म्हैस आडवी आली म्हणून जोरात ब्रेक मारला. आकड्यात एवढा घोळ का होतो ते समजून घ्या, कारण तो पुन्हा पुन्हा दिसेल: रिझर्व्हेशनच्या डब्याला नावांचा चार्ट असतो, जनरलच्या डब्याला काहीच नसतं. गावाकडून कामाला निघालेला माणूस जनरलमध्ये उभा असतो आणि गाडीत होता की नव्हता हेच सांगायला कागद नाही. बहानगा २०२३ नंतरही कितीतरी मृतदेह काही महिने ओळख न पटता भुवनेश्वरला ठेवलेले होते. म्हणून जनरल डबे पुढे-मागे होते का, तेच चेपले का, हेही नोंदवायचं.

आता कारणाचे दोन रकाने, यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच पाहिजे. पहिल्या दिवशी जे कारण सांगतात ते पेन्सिलने लिहा. १७ जून २०२४ ला बंगालमध्ये रांगापानीजवळ उभ्या असलेल्या कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, त्याच दिवशी सांगून मोकळे झाले की मालगाडीच्या ड्रायव्हरने सिग्नल मोडला. तो बिचारा अपघातातच मेलेला, बोलणार कोण. नंतर चौकशीत काय आलं बघा: सकाळपासून ऑटोमॅटिक सिग्नल बिघडलेले, लाल सिग्नल ओलांडायचा कागद त्याला स्टेशनवरूनच दिलेला, त्यात वेग किती ठेवायचा ते लिहिलेलं नाही, आणि सिग्नल बंद पडल्यावर काय करायचं याचं पुरेसं प्रशिक्षण ड्रायव्हर आणि स्टेशन मास्तर दोघांनाही नाही. म्हणून म्हणते, "मानवी चूक" एवढं लिहून रकाना बंद करू नका, ती चूक करायची पाळी त्या माणसावर कोणत्या व्यवस्थेने आणली ते लिहा.

ही चौकशी कोण करतं? रेल्वे सुरक्षा आयुक्त, ज्यांना सगळे सीआरएस म्हणतात. हे लोक रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, म्हणजे ज्याची चौकशी त्याच्याच ताब्यात चौकशी करणारा नको अशी त्यामागची कल्पना. आयोगाचं मुख्यालय लखनौला आहे. सगळेच अहवाल सहज हाती लागतात असं नाही पण बातम्यांमध्ये त्यातले उतारे येतात, कॅगचे अहवाल खुले असतात, आणि लोकसभा-राज्यसभेच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरं शोधता येतात, तिथे मंत्र्यांनी लेखी दिलेली उत्तरं सापडतात आणि ती फार उपयोगी पडतात. जुन्या अपघातांसाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली लागतात, त्याची चौकशी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरू करा.

अहवाल हातात आला की शेवटची पानं आधी वाचा, शिफारशींची. मग मागे जाऊन "यापूर्वीची अशीच घटना" असं काही आहे का ते शोधा. बहानगाचंच बघा. २ जून २०२३, ओडिशात बालासोर जिल्हा, कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता पण सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) बाजूच्या लूप लाइनकडे लागलेला, तिथे लोखंडाच्या खनिजाने भरलेली मालगाडी उभी. गाडी १२५ किलोमीटरच्या वर वेगाने त्या मालगाडीवर गेली, डबे उडून शेजारच्या रुळावर पडले, तिथून यशवंतपूर-हावडा जात होती. २९० हून जास्त मृत. सिग्नल हिरवा आणि रस्ता चुकीचा, हे इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि सांधा एकमेकांशी जखडून ठेवणारी यंत्रणा, असताना व्हायलाच नको, त्यासाठीच तर ती असते. चौकशीत निघालं की रुळाजवळच्या लोकेशन बॉक्समध्ये वायरींची जोडणी चुकीची होती. लोकेशन बॉक्स म्हणजे रुळाच्या कडेला उभी असलेली ती राखाडी पत्र्याची कपाटं, आपण लोकलमधून रोज बघतो. आत ओळीने टर्मिनल असतात आणि कुठली वायर कशाची ते प्रत्येकावर लिहिलेलं असतं. तिथलं लिहिलेलंच चुकीचं होतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं, फाटक क्रमांक ९४ चं बॅरियर बदलायचं काम करताना त्या चुकीच्या नावांवर विसंबून वायरी जोडल्या गेल्या.

आणि आता शेवटचा रकाना. १६ मे २०२२ ला त्याच खरगपूर विभागात बांकडा नयाबाज स्टेशनवर चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार झाला होता, तेव्हा कोणी मेलं नाही म्हणून बातमी झाली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात होसदुर्ग रोडजवळ एक गाडी चुकीच्या लाइनवर जाता जाता ड्रायव्हरच्या सावधपणाने वाचली आणि तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला होता की यंत्रणेत गंभीर दोष आहे. अहवालात तर सरळ म्हटलंय की आधीच्या घटनेनंतर उपाय केले असते तर हा अपघात झाला नसता. माझ्या शीटमध्ये म्हणून मी एक गोष्ट मुद्दाम करते, ज्यात कोणी मेलं नाही अशा घटनांचीही ओळ घालते. शून्य मृत असलेल्या ओळी वाचल्याशिवाय २९० मृतांची ओळ कळत नाही.

हीच पद्धत इतरांना लावून बघा. फिरोजाबाद, २० ऑगस्ट १९९५: कालिंदी एक्सप्रेस जनावराला धडकून रुळावर अडकली, ती पुढे गेली की नाही याची खात्री न करता मागच्या पुरुषोत्तम एक्सप्रेसला रस्ता दिला, साडेतीनशेच्या वर मृत. बंगालमधलं गैसल, २ ऑगस्ट १९९९: अवध आसाम एक्सप्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल एकाच रुळावर समोरासमोर, किमान २८५ मृत, रेल्वेमंत्री नितीश कुमार यांनी राजीनामा दिला. दोन्ही रात्रीचे, दोन्हीत गाडी नेमकी कुठे आहे हे माणसाच्या खात्रीवर सोडलेलं. मधला खन्ना, २६ नोव्हेंबर १९९८, पंजाब: आपल्या मुंबई सेंट्रलहून सुटणारी गोल्डन टेंपल मेल, जुने लोक फ्रंटियर मेल म्हणतात ती, तुटलेल्या रुळामुळे घसरली आणि समोरून येणारी जम्मू तावी-सियालदह एक्सप्रेस तिच्या डब्यांवर आदळली, २१२ मृत. इथे बघा, घसरणं ही एक गोष्ट आणि दुसऱ्या गाडीने आदळणं ही दुसरी. बहानगातही तेच. "डबे घसरले तर शेजारच्या लाइनवरची गाडी किती वेळात थांबवता येते" हा प्रश्न खन्नापासून उभा आहे.

काही अपघातांचा अहवालच लोकांना पटलेला नाही, तेही लिहा. ८ जुलै १९८८ ला केरळमध्ये पेरुमनला आयलंड एक्सप्रेस अष्टमुडी तलावात पडली, १०५ मृत, चौकशीत कारण दिलं चक्रीवादळी वाऱ्याचं आणि आजही तिथल्या लोकांचा त्यावर विश्वास नाही. दोन्ही बाजू लिहून ठेवायच्या, निकाल आपण द्यायचा नाही. घातपात मात्र वेगळ्या पानावर ठेवा, २८ मे २०१० ची ज्ञानेश्वरी एक्सप्रेस, हावड्याहून आपल्या कुर्ला टर्मिनसलाच येत होती, ती आणि ११ जुलै २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट यांची कारणं वेगळी, त्यांना सिग्नल आणि रुळांच्या हिशेबात मिसळलं की दोन्ही समजत नाहीत.

सुधारणा झाली असेल तिथे तीही नोंदवा, नाहीतर आपण नुसते रडगाणं गातोय असं होईल. कोकण रेल्वे बघा. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची स्पेशल दरडीच्या दगडमातीवर गेली, ५० हून जास्त मृत. एक वर्षही पूर्ण झालं नव्हतं आणि १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस परत दगडामुळेच घसरून पुलाखाली गेली. त्यानंतर मात्र डोंगरकड्यांना जाळ्या बसल्या, उतार कमी केले, पावसात गस्त वाढली आणि गाड्यांचा वेग कमी करून पावसाळी वेळापत्रक आलं. गणपतीला गावी जाताना गाडी रखडली की आपण चाकरमानी कुरकुरतो, पण तो उशीर त्या दोन जूनमधून आलाय. देशभराचे आकडेही असेच नीट वाचा: २०००-०१ मध्ये मोठे रेल्वे अपघात ४७३ झाले होते, २०२३-२४ मध्ये ४०. ही घट खरी आहे. ब्रॉडगेजवरची बिनमाणसांची फाटकं २०१९ च्या जानेवारीपर्यंत संपवली, त्याचा यात मोठा वाटा, आणि ते काम मनापासून चांगलं झालं.

आता या ४० मध्ये आपली लोकल शोधा. सापडणार नाही. गर्दीत दारातून पडलेला माणूस, खांबाला डोकं आपटलेला, प्लॅटफॉर्मच्या फटीत गेलेला, रूळ ओलांडताना गेलेला, यातला कोणीही त्या यादीत धरत नाहीत, कारण गाडीला काही झालं नाही. रेल्वे सुरक्षेवर नेमलेल्या डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीने २०१२ साली हे ठणकावून सांगितलं होतं, की देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसं रुळांवर अशी मरतात, त्यातली सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, आणि ही कोणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. आता तो आकडा खाली आलाय, अलीकडच्या वर्षांत सगळी कारणं धरून वर्षाला अडीच हजारांच्या आसपास. तरी हिशेब करा, दीड महिन्याच्या आत एक बहानगा. म्हणून तुमच्या शीटमध्ये मुंबईचं पान वेगळं हवंच, त्याशिवाय या देशाचा रेल्वे अपघातांचा इतिहास पूर्ण होत नाही, हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन.

या पानावर शेवटचा रकाना भरायला घेतला की अंगावर येतं. ऑक्टोबर १९९३ मध्ये कांदिवली-बोरिवलीच्या मध्ये लेडीज स्पेशलमध्ये आग लागल्याची अफवा उठली, बायकांनी चेन खेचून खाली उड्या मारल्या आणि बाजूच्या रुळावरून आलेल्या गाडीखाली ४९ जणी गेल्या. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ मुंबईला येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये तशीच आगीची बोंब, तशाच उड्या, बाजूच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस, डझनभर माणसं गेली. ३१ वर्षांचं अंतर आणि फरक काहीच नाही. दोन्ही ठिकाणी आग नव्हतीच. (हे वाचून एवढं तरी करा, धूर दिसला तर गाडी पूर्ण थांबू द्या, आधी बाजूचा रूळ बघा आणि ज्या बाजूला रूळ नाही तिकडून उतरा, घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.) एल्फिन्स्टन रोडचा पूल, २९ सप्टेंबर २०१७, पावसात अरुंद जिन्यावर चेंगरून २३ मृत, तो जिना अपुरा पडतोय हे रोज जाणारे लोक आधीपासून ओरडून सांगत होते. आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, किमान ४ गेली. एकाच वेळी अनेक जण पडले म्हणून देशभर बातमी झाली, लगेच नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवणार अशी घोषणाही झाली. ती कितपत पुरी होते हे त्याच ओळीत पुढे लिहीत राहायचं.

मुंबईचे आकडे मिळवायचे तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. रुळावरचे मृत्यू लोहमार्ग पोलीस नोंदवतात आणि ते राज्य सरकारचे, म्हणून अर्ज महाराष्ट्राच्या आरटीआय पोर्टलवर करायचा, केंद्राच्या नाही, इथे बरेच जण चुकतात आणि अर्ज फिरत बसतो. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील करा. नुसतं "एकूण मृत्यू किती" असं विचारू नका, त्यात आत्महत्या आणि गाडीत हार्ट अटॅक येऊन गेलेलेही मिसळून येतात. असं विचारा: अमुक वर्षांत, प्रत्येक लोहमार्ग पोलीस ठाण्याच्या हद्दीत, महिन्यानुसार, कारणानुसार, मृत आणि जखमी किती. कुर्ला, ठाणे, डोंबिवली, कल्याण, बोरिवली, वसई असे शेजारी शेजारी ठेवले की कुठे रूळ ओलांडून जास्त जातात आणि कुठे गाडीतून पडून, ते लगेच दिसतं, आणि पूल कुठे हवा, गाड्या कुठे वाढवायला हव्यात हे नगरसेवकाला दाखवता येतं.

हा कारणाचा रकाना नुसता अभ्यासाचा नाही, त्यावर घरच्यांचे पैसे ठरतात. रुळाजवळ कोणी सापडलं की स्टेशन मास्तर मेमो देतो, पोलीस आणि हमाल स्ट्रेचर घेऊन जातात, पंचनामा होतो आणि अकस्मात मृत्यूची नोंद होते. त्या घाईत कागदावर "रूळ ओलांडताना" लिहिलं गेलं की भरपाई बहुतेक अडते. "चालत्या गाडीतून पडून" असेल तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली मृत्यूला ८ लाख रुपये मिळू शकतात, चूक रेल्वेची होती हे सिद्ध करावं लागत नाही, दारात उभा होता एवढ्यावरून नाकारता येत नाही. आत्महत्या, नशा, स्वतःहून केलेली इजा असं काही असेल तरच नाही. तिकीट किंवा पास सापडला नाही म्हणून दावा आपोआप बाद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केलंय, प्रवासी असल्याचं शपथपत्र द्यायचं आणि मग ते खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर.

तेव्हा ओळखीत कोणावर ही वेळ आली तर जो शांत डोक्याचा असेल त्याने त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन मेमोत आणि पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचावं, खिशातला पास किंवा तिकीट पंचनाम्यात नोंदवून घ्यावं, पास मोबाइलमध्ये असेल तर फोन बंद पडायच्या आधी स्क्रीनशॉट काढावा, सोबत प्रवास करणाऱ्या ग्रुपमधल्या दोघांची नावं द्यावी, स्टेशनच्या सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज लगेच द्यावा कारण ते काही दिवसांनी पुसलं जातं, आणि मेमो, पंचनामा, पोस्टमॉर्टेम यांच्या प्रती घ्याव्यात. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. मुदत घटनेपासून एक वर्ष.